काडी पुसली तर बिघडलं कुठे?

प्रश्न : भर पावसात व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी तिबोटी खंड्याचा फोटो मिळाला. चोचीत सापसुरळी, नजर थेट माझ्याकडे. पण शेपटीमागून एक सुकी काडी आडवी गेलीय. भाच्याने मोबाइलवर बोट फिरवून ती पुसून दाखवली, पत्तासुद्धा लागत नाही. तो म्हणतो, रंग-उजेड सगळेच सुधारतात, मग काडीनेच काय घोडं मारलंय? स्पर्धेच्या नियमांत 'किरकोळ एडिटिंग चालेल' एवढंच आहे. पाठवू का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : पाठवा, पण काडीसकट.

भाचा हुशार आहे, फक्त दोन वेगळ्या गोष्टी त्याने एकाच पिशवीत कोंबल्यात. तुमच्या सत्तरी तालुक्याच्या झाडीत पावसाळ्यात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, चढवावाच लागतो. मग त्याने येणारा नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) कमी केला, सावल्या जरा उघडल्या, तर कोणी हरकत घेत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेतही एवढं चालतं. क्रॉप, म्हणजे कडेचा भाग कापणं, चालतो, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढलेले चालतात. समोर असलेली वस्तू उडवणं किंवा नसलेली घालणं चालत नाही. धूळ तुमच्या कॅमेऱ्यात होती, काडी व्हाळावर होती. शिवाय अंतिम फेरीआधी तिथे रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, मागवतात, आणि पुसलेली काडी तिच्यात जिथल्या तिथे असते. तुमच्या स्पर्धेचं 'किरकोळ' म्हणजे नेमकं काय, ते आयोजकांना लेखी विचारा. क्रॉपच्या नादाला लागू नका. तिबोटीची शेपूट मुळातच आखूड, तीही कापली जाईल.

मला मात्र काडी पुसणाऱ्यापेक्षा फोटो काढण्याआधीच काडी मोडणाऱ्याचा राग जास्त येतो. त्याची रॉ फाइल अगदी स्वच्छ असते! याच लंडनच्या स्पर्धेत 2009 साली फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याला पहिलं बक्षीस मिळालं. लांडगा पाळीव असावा असं परीक्षकांचं मत झालं आणि 2010 मध्ये ते काढून घेतलं. 2017 च्या एका विजेत्या फोटोतला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचं तज्ज्ञांचं मत पडलं, 2018 मध्ये तोही बाद. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. पण बघा, यात सॉफ्टवेअरचा कुठे संबंधच नाही.

म्हणून तुम्ही न विचारलेलं एक विचारतो. पावसाळा म्हणजे तिबोटीच्या विणीचा काळ. चोचीत सापसुरळी धरून तो तुमच्याकडे टक लावून बसला होता, म्हणजे जवळच मातीच्या दरडीत बीळ असणार आणि तुम्ही वाटेत असल्यामुळे तो आत शिरत नसणार. तसं असेल तर हा फोटो स्पर्धेला नकोच. काही स्पर्धा घरट्याजवळचे फोटो सरळ नाकारतात, आणि मला ते पटतं. पिल्लं उडेपर्यंत तिकडे फिरकू नका. जागा भाच्यालाही सांगू नका.