ओटीची बाटली आणि दोषदायित्वाची वही

चि. कनिष्ठ अभियंता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा प्रस्ताव दोन्ही वाचले. नागरिकांनी ॲपवर खड्ड्याचा फोटो पाठवायचा, तो नकाशावर उमटणार, विभागाला लगेच कळणार. कल्पना वाईट नाही. पण मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवण्याआधी मला सांग, तुझ्या शहरात खड्डे कुठे आहेत हे कुणाला माहीत नाही? रिक्षावाल्यांना माहीत आहे, नगरसेवकाला आहे, आणि मुकादमाला तर कोणता खड्डा कितव्या पावसाला पडतो हेही पाठ आहे. कुणालाच माहीत नसतं ते एवढंच, की तो दरवर्षी तिथेच का पडतो आणि तो बुजवायचा खर्च कुणाचा. तुला नवं काही करायचं असेल तर या दोन प्रश्नांत जागा भरपूर आहे. गर्दीही नाही.

आधी पहिला. डांबरी रस्ता बहुतेक वेळा पाण्यानं मरतो. पाणी वरून येत असेल तर कारण दिसतं: उतार गेलेला, बाजूचं गटार रस्त्याहून उंच, किंवा थरावर थर चढवून चेंबर खोलात गेलेलं. पण भर एप्रिलमध्येही एखादा पट्टा ओलसर राहतो, तिथे पाणी खालून येत असतं. अशा जागी विचारलंस तर पाणीपुरवठा विभाग म्हणेल, आमची लाइन पलीकडून जाते. ड्रेनेजवाले म्हणतील, हे पाणी आमचं नाही. आणि बांधकाम विभाग दरवर्षी खडी-डांबर टाकून मोकळा होईल.

आमच्याकडच्या एका जुन्या फिटरनं यावर तोडगा काढला होता. नळाच्या पाण्यातला क्लोरीन तपासायला पाणीपुरवठ्याकडे ओटीची, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या द्रावणाची, बाटली असतेच. झिरपलेलं पाणी परीक्षानळीत घ्यायचं आणि थेंब टाकायचे. पिवळं झालं की पाणी आपल्याच नळाचं. ज्या वादात तीन विभागांची पत्रं फिरत राहायची, तो जागेवर मिटायचा. मात्र पिवळं झालं नाही म्हणून ‘गळती नाही’ असा शेरा मारू नकोस. मातीतून झिरपताना क्लोरीन संपूनही जातो. अशा वेळी पाणी सोडण्याच्या वेळा बघ आणि त्या खड्ड्यातली पातळी पुरवठा चालू असताना किती, बंद असताना किती, ते चार-पाच दिवस टिपून ठेव. पातळी वेळापत्रकाबरोबर वरखाली होत असेल तर आणखी पुरावा कशाला? आणि अशी गळती केवळ रस्त्याचा प्रश्न नसते. पुरवठा बंद झाला की नळात दाब उरत नाही, आणि ज्या फटीतून पाणी बाहेर येत होतं त्याच फटीतून गटाराचं पाणी आत शिरतं. तू रस्ता वाचवायला जाशील आणि एखाद्या गल्लीतली कावीळ थांबवशील.

लाइन नेमकी कुठून जाते हे कार्यालयातल्या नकाशावर शोधत बसू नकोस. चाव्या फिरवून पाणी सोडणाऱ्या वॉलमनबरोबर एक सकाळ फीर. कोणती चावी किती आटे फिरते, कोणती गेल्या खडीकरणात गाडली गेली, हे त्याच्या डोक्यात असतं आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जातं. मोबाइलवर जागा टिपून घे. त्याचं नाव त्या नकाशावर घाल. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. नाव घातलं की पुढची माहिती तो आपण होऊन देतो.

आता दुसरा प्रश्न, पैशाचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्या पोरांना या भागाचा कंटाळा असतो.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता तू ऐकून असशीलच. 1973 च्या पावसात पुण्यातले रस्ते उखडले, तेव्हा स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी मुंबईतले रस्ते कसे टिकतात याची चौकशी करून रेकॉन्डो ही कंपनी गाठली. रस्ता 1976 साली झाला आणि नंतर कित्येक वर्षं खड्ड्यांविना राहिला. लोक त्या डांबराबद्दल बोलतात. मला त्यातली खरी नवलाई वाटते ती 10 वर्षांच्या लेखी हमीची. खड्डा पडला तर खर्च आपला, हे ठाऊक असलेला ठेकेदार खडीचा थर दाबताना रोलरच्या फेऱ्या स्वतः मोजतो. तिथे तू उन्हात उभी असलीस काय आणि नसलीस काय.

तुझ्याही निविदांत दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे काम झाल्यावर निघालेले दोष ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायची मुदत. तरी त्या काळात पडलेले खड्डे नगरपरिषदेच्या पैशानं बुजतात, कारण कोणत्या रस्त्याची मुदत कधी संपते हे कुणी एका जागी लिहून ठेवलेलं नसतं. मुदत सरते, अनामत परत जाते, आणि दोन महिन्यांनी त्याच रस्त्याचं नवं अंदाजपत्रक तयार होतं. म्हणून एक वही घाल. रस्त्याचं नाव कुठून कुठपर्यंत, कार्यादेश क्रमांक, काम पूर्ण झाल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, अनामत किती, खड्ड्याची तक्रार कधी, नोटीस कधी. मुदत संपण्याआधीचा शेवटचा पावसाळा सरला की पाहणी ठरलेलीच. आणि एक रकाना विसरू नकोस: रस्ता खोदाईच्या परवानग्या. केबलवाल्यांनी किंवा गॅसवाल्यांनी मध्येच चर मारला की ठेकेदार म्हणतो, ‘साहेब, रस्ता तुम्हीच खोदू दिलात.’ चर नेमका कुठे, कुठपर्यंत आणि पूर्ववत कुणी केला, हे लिहिलेलं असेल तर त्याची पळवाट तेवढ्या लांबीपुरतीच उरते.

तुझं ॲप या वहीला जोडलंस तर मी पहिला टाळी वाजवीन. फोटो आला की शेजारी ठेकेदाराचं नाव आणि मुदतीची तारीख दिसली पाहिजे. नुसता फोटो आला तर तक्रारींचा ढीग वाढेल, बाकी काही नाही.

बदलीचं लक्षात ठेव. तू दोन-तीन वर्षांनी जाशील. तुझ्या उत्साहावर चाललेलं काम तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बंद पडेल. टिकतं ते, जे निविदेच्या अटीत, दरसूचीत, ठरावात उतरलं आहे. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लॅस्टिकचे तुकडे तापलेल्या खडीवर टाकून, त्याचा लेप बसल्यावर डांबर मिसळायची पद्धत काढली. त्यांच्या कॉलेजच्या आवारातला रस्ता 2002 चा. पण साधा अभियंता ती पद्धत अंदाजपत्रकात बिनधास्त लिहू शकला तो 2013 नंतर, रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं एसपी 98 ही मार्गदर्शिका काढल्यावर. त्याआधी लेखापरीक्षकानं ‘कोणत्या मानकानुसार?’ असं विचारलं असतं तर उत्तर देताना घाम फुटला असता. लाल फितीला नावं ठेवणं सोपं आहे, मीही ठेवली आहेत. पण नव्या पद्धतीला तुझ्यामागेही जगवणारा तोच एक कागद आहे. म्हणून नवं काही करताना लेखापालांना शेवटी नको, पहिल्या आठवड्यात भेट. त्यांच्या हरकती आधी कळल्या की प्रस्ताव त्यांना धरूनच लिहिता येतो.

कधी कधी मात्र प्रश्नच चुकीचा मांडलेला असतो, आणि मग कितीही चांगली अट घालून उपयोग होत नाही. मुंबईत दादर-परळच्या हिंदमाता भागाचं बघ, तिथे दर पावसाळ्यात पाणी तुंबायचं. भाग बशीसारखा खोलगट. जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेल्या, आणि भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही. पाणी लवकर बाहेर कसं काढायचं, याच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम झालं. ब्रिटानिया उदंचन केंद्र (पाणी उपसणारं पंपिंग स्टेशन) झालं, तरीही पाणी तुंबायचं. मग 2021 च्या सुमारास पालिकेनं प्रश्न फिरवला: पाणी तासभर इथेच कुठे ठेवता येईल? परळचं सेंट झेवियर्स मैदान आणि दादरचं प्रमोद महाजन उद्यान यांच्या पोटात टाक्या बांधल्या. पावसाचा जोर असताना पाणी तिथे साठवायचं आणि ओहोटीला उपसायचं. त्यानं हिंदमाताचं दुखणं कायमचं गेलं असं मी म्हणणार नाही, पण विचाराची दिशा बरोबर आहे. तुझ्या शहरातही जुन्या तळ्यावर, ओढ्याच्या वळणावर किंवा मैदानाच्या कोपऱ्यात पाणी थांबायची जागा असेल. नाल्याची भिंत उंच करण्याच्या अंदाजपत्रकावर सही करण्याआधी ती शोध. सुशोभित केलेल्या तळ्यांना तर मी घाबरतोच. तिथे काठावर बाकं येतात आणि पाणी आत शिरायची वाट बंद होते.

कऱ्हाडजवळच्या मलकापूरला जमलं तर एकदा जाऊन ये. एवढ्याशा गावानं 2009 च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू केलं, मीटर लावून आणि वापर वाढेल तसा दर वाढवून. तिथल्या माणसांना तंत्राबद्दल नंतर विचार. मीटरला लोक तयार कसे झाले, हे आधी विचार.

सध्या एवढंच कर: गेल्या पाच वर्षांतल्या रस्त्यांचे कार्यादेश कपाटातून काढ आणि वहीत उतरव. काही फाइली सापडणार नाहीत. त्यांची बिलं लेखा शाखेत नक्की सापडतील. मुदत येत्या मार्चपर्यंत संपणारे रस्ते लाल शाईनं लिही आणि ती यादी मला पाठव. नोटिशीचा मसुदा आपण मिळून करू. भाववाढीच्या कलमाबद्दल तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर त्याच पत्रात देईन.

तुझा,
एक निवृत्त शहर अभियंता