घरी ऑइल बदलल्यापासून मारुती ८०० खाली थेंब पडतात आणि लाल दिवा लुकलुकतो. काय चुकलं असेल?

तुम्ही दिलेली माहिती अशी: १९९८ ची कार्ब्युरेटरवाली ८००, ऑइल आणि फिल्टर घरीच बदलला, २०डब्ल्यू-५० ग्रेडच्या ऑइलचा साडेतीन लिटरचा डबा पूर्ण ओतला, ड्रेन बोल्ट (तेल सोडायचा खालचा बोल्ट) शेवटी घट्ट न होता फिरत राहिला, आता खाली तेल सांडतंय आणि इंजिन तापलं की आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका. आटे गेलेला बोल्ट रस्त्यात पडला तर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, मिनिटभरात रिकामं होईल, आणि दिवा पेटलेला तुमच्या लक्षात येईपर्यंत बेअरिंग खरवडून निघतील. बोल्टची दुरुस्ती काहीशे रुपयांचं काम आहे, पण बेअरिंग गेली तर इंजिनच उघडावं लागेल.

ऑइल बदलल्यानंतर त्रास सुरू झाला की आधी ज्या गोष्टींना हात लावला त्याच तपासायच्या: बोल्ट, फिल्टर आणि ऑइलचं प्रमाण. इंजिन म्हातारं झालं हे निदान त्यानंतरचं.

प्रमाणापासून सुरुवात करतो, कारण तुमची चूक इथे अगदी उघड आहे. या ७९६ सीसीच्या इंजिनाला फिल्टर धरून सुमारे २.७ लिटर ऑइल लागतं. तुम्ही ३.५ लिटर ओतलंत, म्हणजे पाऊण लिटरच्या वर जास्त. पातळी इतकी चढली की क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरताना तेलावर आपटतो आणि ताक घुसळल्यासारखा फेस होतो. पंपाने फेस ओढला की दाब पडतो, आणि तेल तापून पातळ झालं की आयडलिंगला दिवा लुकलुकू लागतो. शिवाय जादा तेल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं आणि जुन्या सीलमधून पाझरतं. त्यामुळे तुमची दोन्ही लक्षणं या एकाच चुकीतून आलेली असू शकतात.

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक (तेल मोजायची दांडी) पुसून पूर्ण आत घाला आणि मग वाचा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर हिशोब जुळला. पण खुणेच्या कितीतरी वर, दांडीवर खूप लांबपर्यंत तेल दिसलं तर वेगळी शंका घ्या: इंजिनाऐवजी गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला होता का? या गाडीत इंजिन आडवं आहे आणि गिअरबॉक्स त्याला चिकटून, त्यामुळे खालून बघणारा पहिल्यांदा सहज फसतो. बाहेर पडलेलं तेल आठवा. काळं आणि पातळ असेल तर ते इंजिनचं. सोनेरी-तपकिरी, दाट आणि गंधकासारखा उग्र वास असलेलं असेल तर गिअरबॉक्स रिकामा आहे आणि इंजिनात जुनं-नवं मिळून दुप्पट तेल आहे. तसं असेल तर इंजिन चालूच करू नका, गाडी ओढूनही नेऊ नका. आधी गिअर ऑइल भरा.

जादा तेल काढायला खराब बोल्टला हात लावू नका. सलाइनची बारीक नळी डिपस्टिकच्या नळीतून खाली सोडा आणि ५० मिलीच्या सिरिंजने ओढा. सोळा वेळा ओढलं की ८०० मिली झालं. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ आली की थांबा.

आता गळती. ती नेमकी कुठून होते हे अंदाजाने ठरवू नका, कारण वरून ओघळलेलं तेलही शेवटी ड्रेन बोल्टच्या टोकावरूनच टपकतं. इंजिन पूर्ण थंड असताना चेंबर, फिल्टर आणि आजूबाजूचा भाग कापडाने कोरडा पुसा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि खाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा. रात्रभर इंजिन बंद असतानाही थेंब पडले तर बोल्ट. बंद असताना कोरडं राहून इंजिन सुरू केल्यावर तेल आलं तर फिल्टर किंवा प्रेशर स्विच (तेलाचा दाब पडला की लाल दिवा लावणारा), कारण तिथे दाब फक्त इंजिन चालू असतानाच असतो.

फिल्टर गळत असेल तर बहुतेक वेळा एकच कारण निघतं: जुन्या फिल्टरचं रबरी सील ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाला, चिकटून राहिलं आणि नवा फिल्टर त्यावरच बसवला गेला. दोन सीलं एकमेकांवरून घसरतात आणि दाब आला की तेलाची धार लागते. काढलेला जुना फिल्टर अजून टाकला नसेल तर बघा, त्याचं सील जागेवर आहे का. नसेल तर उत्तर मिळालं. नवीन फिल्टर बसवताना ब्लॉकची बैठक पुसा, सीलला बोटाने ऑइल लावा, हाताने फिरवत सील टेकेपर्यंत न्या आणि तिथून पाऊण फेरा, तोही हातानेच. पान्याने आवळलेल्या फिल्टरचं सील चिरडतं आणि पुढच्या वेळी तो निघत नाही. मग लोक त्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसतात आणि पत्रा फाटून बसतो.

प्रेशर स्विचचं कनेक्टर उपसून पाहा. आत तेल असेल तर स्विच फुटलाय. फुटलेला स्विच तेलही गाळतो आणि खोटा दिवाही लावतो, आणि तो स्वस्तात मिळतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाच्या) बैठकीतली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी सील, या वयाच्या गाड्यांत कडक झालेल्या असतात. पावडर वरूनच ओली झालेली दिसली तर तिकडे बघा. ती जुनी गळती, तुमच्या कामाशी तिचा संबंध नाही.

बोल्ट मात्र नक्की खराब आहे. घट्ट न होता फिरतो म्हणजे आटे गेले. १७ च्या बोल्टला सुमारे ३५ न्यूटन-मीटर पुरतं, म्हणजे वीतभर लांबीच्या रिंग पान्यावर एका हाताचा बेताचा जोर. पान्यात पाइप अडकवून आवळलं की आटे जातातच. ते बोल्टचे गेले असतील तर नवा बोल्ट आणि नवा वायसर लावून काम भागेल. बोल्टच्या आट्यांत चमकदार धातूचे तुकडे अडकलेले दिसले आणि बोल्टचे आटे शाबूत असतील, तर चेंबरचे गेले. टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा एम-सील लावून वेळ मारून नेऊ नका. इथे तेल आट्यांनी थांबत नाही, वायसर दाबला गेल्याने थांबतं, आणि आटेच नसतील तर तो दाबणार कोण? दुकानात स्वतःच आटे पाडणारा ओव्हरसाइझ बोल्ट मिळतो. गाडी गॅरेजपर्यंत न्यायला तो ठीक, कायमचा नको, कारण तो किंचित तिरका गेला तरी पुढची दुरुस्ती अवघड होते. नीट उपाय म्हणजे चेंबर उतरवून लेथवाल्याकडून नवा नट वेल्ड करून घेणं, किंवा चेंबरच बदलणं.

चेंबर उतरलंच तर आतली जाळी, म्हणजे पंपाचं स्ट्रेनर, जरूर बघा. जुन्या गाडीत तिथे डांबरासारखा गाळ साचतो. ऑइल काढताना डिझेल घालून इंजिन फ्लश केलं असेल तर हा गाळ सुटून थेट जाळीवर बसतो आणि दिवा लुकलुकतो. इतक्या जुन्या इंजिनाला फ्लश करू नये असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा एकदा दोन हजार किलोमीटरवरच ऑइल-फिल्टर पुन्हा बदला, गाळ हळूहळू निघतो.

पातळी बरोबर केल्यावरही दिवा लुकलुकला तर डिपस्टिकचा वास घ्या. कार्ब्युरेटरवाल्या ८०० ला यांत्रिक पेट्रोल पंप आहे. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि पातळी आपोआप वाढते. पेट्रोलचा वास आला तर पंप आणि ऑइल दोन्ही बदला. वास नसेल तर स्विचच्या जागी दाबमापक लावून गरम इंजिनाचा खरा दाब मोजून घ्या. ग्रेडचा दोष नाही, झिजलेल्या इंजिनाला २०डब्ल्यू-५० योग्यच आहे. तो दिवा विझवायला आणखी दाट तेल शोधू नका.

सगळं जोडल्यावर गाडी स्टँडवर असेल तर मागच्या चाकांना अटकण लावल्याशिवाय खाली शिरू नका, नुसत्या जॅकवर तर कधीच नाही. पहिल्यांदा सुरू केल्यावर रिकामा फिल्टर भरायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ दिवा दिसणारच. दहा सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर दोन मिनिटं चालवून बंद करा, पातळी पुन्हा बघा. फिल्टरमध्ये गेलेलं तेल तेवढं घाला, एका वेळी १०० मिलीपेक्षा जास्त नको. पन्नास किलोमीटर झाल्यावर पुठ्ठा परत खाली ठेवा.