बहिणीचं वजन नेहमीइतकंच आहे, तरी तिला खाण्याचा आजार असू शकतो का?

हो, असू शकतो. तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते. बहीण 19 वर्षांची, मुलुंडहून माटुंग्याला कॉलेजला जाते. सकाळी नुसत्या चहावर निघते, डबा बरेचदा तसाच परत येतो. रात्री जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाते आणि नळ जोरात चालू असतो. कानाखाली, जबड्याच्या कडेला सूज दिसते. आठवड्यातून एक-दोनदा फरसाणाचा अख्खा डबा नाहीतर ब्रेडचं पाकीट गायब होतं. आईचं म्हणणं, "वजन कुठे कमी झालंय? ॲसिडिटी असेल."

मी आहारतज्ज्ञ आहे, अशा पेशंटांच्या जेवणाची घडी बसवायचं काम करते. निदान इथून होत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञच करतील. पण या खुणा बुलिमियाच्या आहेत, आणि बुलिमियात वजन बहुधा नेहमीसारखंच असतं. म्हणून तर घरात वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

नावांचा गोंधळ आधी मिटवू. ॲनोरेक्सियात माणूस खाणं इतकं तोडतो की वजन धोक्याच्या पातळीवर येतं, तरी त्याला आपण जाडच वाटतो. बुलिमियात थोड्या वेळात भरमसाट खाणं होतं, हात आवरत नाही, आणि मग ते 'भरून काढायला' उलटी, जुलाबाची औषधं, कडक उपास किंवा अतोनात व्यायाम. हे आठवड्यातून निदान एकदा आणि सलग तीन महिने होत असेल तर निदान पक्कं धरतात. तिसरा बिंज ईटिंग डिसऑर्डर: भरमसाट खाणं तसंच, पण नंतर उलटी वगैरे काही नाही, फक्त लाज आणि अपराधीपणा. याला वेगळा आजार म्हणून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत 2013 साली जागा मिळाली. त्याआधी लोक त्याला खादाडपणाच म्हणत, आपल्याकडे अजूनही म्हणतात.

आता शरीराचं. उलटीतला खरा धोका पोटॅशियमचा. पण ते उलटीतून थेट फार जात नाही. जातं ते पाणी, मीठ आणि पोटातलं आम्ल. शरीरातलं पाणी कमी झालं की अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, ते मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावतं, आणि त्या बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. रक्तात ते साधारण 3.5 ते 5 (लिटरमागे मिलिइक्विव्हॅलंट) असायला हवं. 3 च्या खाली उतरलं की पायांत गोळे येतात, हातापायातली ताकद जाते, बद्धकोष्ठता होते, आणि हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात. वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही. आदल्या दिवशी कॉलेजात हसतखेळत असलेल्या मुलीचं पोटॅशियम 2.7 असू शकतं.

कानाखालची सूज लाळग्रंथींची. वारंवार उलट्या करणाऱ्यांत ती दिसते आणि चेहरा रुंद वाटतो, त्यामुळे मुलगी आणखी कमी खाते. वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू आम्लाने झिजते, म्हणून बरेचदा हा आजार पहिल्यांदा दंतवैद्याच्या लक्षात येतो. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, मऊ झालेलं इनॅमल त्याने खरवडून निघतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चुळा भराव्यात आणि ब्रश निदान अर्ध्या तासाने करावा. बोटं घशात घालणाऱ्यांच्या बोटांच्या सांध्यांवर, हाताच्या मागच्या बाजूला दातांचे घट्टे पडतात. 1979 साली ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी बुलिमियाचं वर्णन केलं, त्यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. ती नसली म्हणजे आजार नाही असं मात्र समजू नका.

जुलाबाच्या गोळ्या आणि 'स्लिमिंग' चहा हाही याच वाटेवरचा प्रकार. अशा कित्येक चहांत आणि चूर्णांत सोनामुखी असते. ती काम करते मोठ्या आतड्यावर, आणि कॅलरी तर त्याआधीच लहान आतड्यात शोषल्या गेलेल्या असतात. सकाळी काटा जो किलोभर खाली दाखवतो ते पाणी असतं. उलटीचंही तेच, सगळं कधीच बाहेर पडत नाही. बहिणीला हे सांगताना भाषणाचा सूर नको, पण माहीत असणं तिच्या उपयोगाचं आहे.

ती जेवत नाही आणि तरी डबाभर फरसाण संपवते, हे घरच्यांना ढोंग वाटतं. ते ढोंग नाही, उपासमारीचा परिणाम आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना जवळपास सहा महिने अर्ध्या आहारावर ठेवलं होतं. आधी ठणठणीत असलेली ही मुलं दिवसभर खाण्याचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसली, काहींचा खाण्यावरचा ताबा सुटला. तुमच्या बहिणीच्या पोटात सकाळी साडेसहाच्या चहापासून संध्याकाळी सातपर्यंत काही नाही. ठाणे लोकलच्या गर्दीतून उभ्याने घरी येऊन तिने ओट्याखालचा डबा उघडला, तर तो मनाचा कमकुवतपणा नव्हे. बारा तासांची भूक आहे ती. मग खाल्ल्याची भीती, मग उलटी, मग "उद्या काहीच खाणार नाही", आणि उद्या पुन्हा तेच.

म्हणून उपचारात आधी मोडायचे ते भुकेचे तास, खाणं नाही. दिवसात तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर नको. तिच्या दिवसाला बसेल असं: निघण्याआधी सातच्या सुमारास दूध आणि वाटीभर पोहे किंवा दोन घावन. साडेदहाला केळं आणि मूठभर शेंगदाणे. दीडला डबा, दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वाटीभर उसळ किंवा दही. पाचला स्टेशन गाठायच्या आधी चिक्कीची वडी किंवा चीज सँडविच. हे पाचचं खाणं सगळ्यात महत्त्वाचं, सातचा हल्ला इथेच टळतो. साडेआठला घरच्यांसोबत पोळी, भाजी, आमटी, भात. भूक लागो न लागो, घड्याळाप्रमाणे खायचं, कारण भूक आणि पोट भरल्याचे इशारे या काळात बिघडलेले असतात. उलटी झाली तरी पुढचं खाणं चुकवायचं नाही. सगळ्यात जास्त घसरण इथेच होते: एकदा चुकलं की दिवस वाया गेला असं समजून लोक रात्रीपर्यंत काही खात नाहीत. कॅलरी मोजायचं ॲप काढून टाका आणि वजनकाटा घराबाहेर ठेवा. वजन फक्त दवाखान्यात, आठवड्यातून एकदा.

जेवणानंतरचा तास जड जातो. तिची तयारी असेल तर त्या तासात कुणीतरी सोबत बसा, पत्ते खेळा, मालिका लावा, बिल्डिंगखाली फेरी मारा. बाथरूमच्या दाराशी पहारा करू नका, मग ती जेवणच टाळेल.

आपल्या घरांत हा आजार दोन गोष्टींआड छान लपतो. एक म्हणजे उपास. आधी महिन्याची संकष्टी, मग सोमवार, मग शनिवार, मग नवरात्राचे नऊ दिवस, आणि प्रत्येक उपासाचं घरात कौतुकच. भक्ती आणि आजार बाहेरून वेगळे ओळखू येत नाहीत. पण उपासांची संख्या वाढत चालली, सुटल्यावरही ती नीट जेवत नाही, आणि साबुदाण्याची खिचडी पुढे आली की "मी फक्त पाणीच" असं ऐकू येतं, तेव्हा लक्ष द्या. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहून मग ताट समोर घेणं म्हणजे बिंजची पूर्वतयारीच. उपचार चालू आहेत तोवर सगळे उपास बंद. आजारी माणसाला उपासातून सूट असते हे आजीलाही पटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे गॅस. आपल्याकडच्या बऱ्याच मुली "मी जाड आहे" असं म्हणतच नाहीत, म्हणतात "जेवण जात नाही", "पोट फुगतं". मग सोनोग्राफी होते, एंडोस्कोपी होते, सगळं नॉर्मल. पण पोट फुगणं खोटं नसतं. कमी खाण्याने जठर हळू रिकामं व्हायला लागतं, चार घास पोटात दगडासारखे बसतात. नियमित खाल्ल्यावर काही आठवड्यांत ते सुधारतं. पाळीचंही असंच. पाळी चुकली की पीसीओडीचा शिक्का बसतो आणि "वजन कमी करा" असा सल्ला मिळतो, खाणं कुणी विचारत नाही. खाणं तोडल्याने पाळी बंद झाली असेल तर हॉर्मोनच्या गोळ्यांनी जो रक्तस्राव होतो तो गोळीचा, शरीर सावरल्याचा नाही. हाडांची झीजही त्या गोळ्यांनी थांबत नाही, आणि विशीच्या आतबाहेर हाडं भरायची ती नंतर तेवढी भरत नाहीत.

बोलताना एक शब्दप्रयोग कटाक्षाने टाळा: "तब्येत सुधारलीय हं!" मराठीत त्याचा अर्थ काय घेतला जातो हे तुम्हालाही माहीत आहे. "गाल वर आलेत", "चेहरा भरलाय", एवढंच काय "बारीक झालीस, छान दिसतेस" हेही नको. शरीरावर बोलूच नका. विषय काढायचा तर जेवणाच्या टेबलावर नको, बाथरूममधून बाहेर आल्या आल्या तर मुळीच नको. एखाद्या दुपारी एकटी असताना सांगा: "जेवल्यावर तुला उलटी होते असं मला वाटतं. मला राग आलेला नाही. एकदा रक्त आणि ईसीजी करून येऊ, मी सोबत येते." (तुम्ही दादा असाल तर "येतो".) पहिल्यांदा ती नाहीच म्हणेल. चार-आठ दिवसांनी पुन्हा विचारा.

ब्रिटनमध्ये 1999 साली मांडलेली पाच प्रश्नांची एक चाचणी डॉक्टर वापरतात, तीही तिला वाचू द्या. पोट तट्ट भरलं म्हणून मुद्दाम उलटी करतेस का? किती खातो यावर ताबा राहिला नाही असं वाटतं का? तीन महिन्यांत सहा किलोंच्या वर वजन उतरलं का? लोक बारीक म्हणतात तेव्हाही स्वतःला जाड वाटतेस का? खाण्याचा विचार आयुष्यावर कब्जा करून बसलाय का? दोन उत्तरं हो आली तर डॉक्टरांकडे जायचं.

जायचं मानसोपचारतज्ज्ञांकडे, सोबत फिजिशियन. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन, भायखळ्याचं जेजे, या सगळ्यांत मानसोपचार विभाग आहेत. केस पेपर काढून सकाळच्या ओपीडीत दाखवता येतं. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही. बुलिमियावर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी), साधारण वीस सत्रं, हा पहिला उपाय. फ्लुओक्सेटीन या नैराश्यावरच्या औषधाचा या आजारात उपयोग होतो, पण डोस 60 मिलिग्रॅम, म्हणजे नैराश्यात सुरुवातीला देतात त्याच्या तिप्पट. 20 वर "काही फरक नाही" म्हणून लोक औषध सोडून देतात. वाढवायचं ते डॉक्टरांनीच. ब्युप्रोपियॉन हे नैराश्यावरचं दुसरं औषध मात्र या पेशंटांना देत नाहीत, झटके येण्याचा धोका असतो. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी ते लिहून दिलं जात असेल तर उलट्यांचं सांगा.

मुंबईत हमखास होणारी चूक म्हणजे "अशक्तपणा आहे, सलाईन लावून घेऊ." बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात सलाईनमधून ग्लुकोज एकदम गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं, आणि त्यात हृदय बंद पडू शकतं. आधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) देणं आणि फॉस्फरस-पोटॅशियम-मॅग्नेशियमची तपासणी, मग हळूहळू आहार, हा क्रम. उलट्या थांबल्यावरही पहिले दोन-तीन आठवडे पाय आणि चेहरा सुजू शकतो, कारण अल्डोस्टेरॉन अजून चढलेलं असतं. ते पाणी आहे, चरबी नाही, आणि आपोआप ओसरतं. हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दहाव्या दिवशी काट्यावर दोन किलो वाढलेले बघून ती परत उलट्या सुरू करेल. सूज उतरवायला लघवीच्या गोळ्या देऊ नका, पोटॅशियम आणखी खाली जातं.

चक्कर येऊन पडली, छातीत धडधड थांबेना, उलटीत रक्त दिसलं, जागेपणी नाडी मिनिटाला 50 च्या खाली आली, अंगाचं तापमान 96 फॅरनहाइटच्या खाली गेलं किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलली, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणूनही सुटलो असं धरू नका, उलट्या चालू असताना पोटॅशियम आज 3.8 आणि पुढच्या आठवड्यात 2.9 असू शकतं.

पहिल्या भेटीला नेताना सोबत घ्या: आधीचे रिपोर्ट, गेल्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा, ती घेते त्या सगळ्या गोळ्या, चूर्ण आणि चहाची पाकिटं. डॉक्टरांना नाडी आणि बीपी आडवं करून आणि उभं करून, दोन्ही बघायला सांगा. उभं राहिल्यावर नाडी 20 च्या वर वाढत असेल तर शरीरातलं पाणी कमी आहे. ती 19 वर्षांची आहे, त्यामुळे डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलतील, तेव्हा आईला घेऊन बाहेर बाकावर बसा.