गुटी कलम करून वीतभर उंचीचं बोन्साय लवकर तयार होतं का?

तुमची अडचण अशी की बाल्कनी लहान, बोन्साय वीतभरच हवंय आणि बी लावून दहा-पंधरा वर्षं थांबायची तयारी नाही. गुटीने, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून मग कापून घेण्याने, भागेल का? भागेल. डाळिंबाला, पेरूला बांधतात तीच ही गुटी, फक्त फांदी निवडताना नजर वेगळी लागते.

छोट्या बोन्सायचं खरं दुखणं उंची नाही, जाडी आहे. मूठभर मातीत खोड फुगत नाही. करंगळीएवढं रोप चपट्या कुंडीत लावलंत तर पाच वर्षांनीही ते करंगळीएवढंच दिसेल. म्हणून खोड मोठ्या झाडावर असतानाच जाड झालेलं हवं. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला नांदरूक आहे, वडाच्याच कुळातलं झाड. मी मे महिन्यात त्याच्या फांद्या नुसत्या बघत फिरतो (वॉचमन आता विचारायचा थांबलाय). अंगठ्याएवढी जाड, जराशी वाकलेली, वर निमुळती होत जाणारी आणि जिथे गुटी बांधणार त्याच्या दोन-तीन बोटं वरच पहिला फाटा असलेली फांदी शोधायची. सरळसोट छडी कितीही जाड असली तरी सोडून द्या, तिचं झाड कधीच वाटत नाही.

जून मध्यावर, हवा दमट झाली की काम सुरू. धारदार कटरने फांदीभोवती दोन गोल काप द्यायचे, मध्ये इंचभर अंतर ठेवायचं आणि तेवढी साल काढून टाकायची. नंतर आतल्या लाकडावरचा बुळबुळीत थर खरवडून काढायचा. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. दोन महिन्यांनी मोठ्या उत्साहाने पिशवी उघडली तर साल पुन्हा सांधलेली आणि मूळ एकही नाही. लाकडातून पाणी वर जात राहतं म्हणून फांदी वाळत नाही. पानांनी केलेलं अन्न मात्र सालीतून खाली उतरतं, ते वरच्या कापाशी अडतं आणि मुळं तिथेच फुटतात. साल सांधली की अन्नाचा रस्ता पुन्हा मोकळा, मग झाडाला मुळं काढायची गरजच काय?

नांदरूक, वड असेल तर चीक येईल. ओल्या फडक्याने पुसा आणि मगच रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी पूड) लावा, तीही वरच्या कापाच्या कडेला आणि सगळीकडून सारखी. ही सगळीकडून सारखी मुळं म्हणजे बोन्सायवाल्यांच्या दृष्टीने गुटीची खरी कमाई. जपानीत बुंध्याशी पसरलेल्या मुळांना नेबारी म्हणतात. बियाच्या रोपाचं सोटमूळ छाटून, वळवून ती घडवावी लागते. गुटीत मात्र खोडाभोवती कड्यासारखी आयती येते. पावडर एकाच बाजूला लागली तर बऱ्याचदा मुळंही एकाच बाजूला येतात.

नर्सरीत मिळणारं शेवाळ भिजवून, घट्ट पिळून कापाभोवती मूठभर बसवा, वर प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने करकचून बांधा. वरचं टोक सैल राहिलं तर पावसाचं पाणी आत शिरतं आणि सगळं कुजतं. प्लास्टिक पारदर्शक घ्या म्हणजे मुळं दिसतील, पण त्यावर काळ्या पिशवीचा तुकडा बांधून अंधार ठेवा.

नांदरुकाला महिना-दीड महिन्यात मुळं दिसू लागतात, डाळिंबाला थोडा जास्त वेळ लागतो. आणि इथेच घाई नडते. चार पांढरी मुळं दिसली म्हणून मी एकदा फांदी कापली, आठ दिवसांत सगळी पानं गळाली. मुळं पांढऱ्याची तपकिरी होऊन त्यांना बारीक फाटे फुटेपर्यंत थांबा. मात्र ऑगस्टअखेर, फार तर सप्टेंबरच्या सुरुवातीला कापून घ्या, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हाआधी रोप सावरतं.

कापल्यावर शेवाळ उपटत बसू नका, नवी मुळं काडीसारखी मोडतात. गोळा तसाच लावा, एक तृतीयांश पानं काढा, रोप हलू नये म्हणून कुंडीला बांधा आणि तीन आठवडे सावलीत ठेवा. कुंडी साधी आणि खोलगटच घ्या, शोभेचा ट्रे आत्ता नको. पुढच्या पावसाळ्यात शेवाळ हलक्या हाताने मोकळं करून मुळांखाली उरलेला खुंट सपाट कापायचा, तेव्हा झाड चपट्या ट्रेमध्ये नीट बसतं.

झाड कुठलं घ्यावं? पहिल्यांदा नांदरूकच. बोगनवेल, कामिनीही चालतात. डाळिंब घेतलंत तर बुटकं, बारीक फळांचंच घ्या. छाटून पान लहान होतं, फळ होत नाही. नेहमीच्या जातीचं डाळिंब वीतभर झाडाला लागलं तर फांदीच मोडेल. आंब्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. आणि जेडला गुटी बांधायचे कष्ट कशाला? फांदी तोडा, काप चार दिवस वाळू द्या आणि मातीत खोचा.