गोव्यात लहान शेतांत यंत्राने भातलावणी जमते का?

जमते, पण एकट्यादुकट्याचं काम नाही. आमच्या पेडण्यात वाफे इतके चिंचोळे की यंत्र वळवेपर्यंत मेर (बांध) येते. म्हणून शेजारी मिळून भाताची एकच जात, एकाच दिवशी लावतो. खरी कसोटी रोपांची. ट्रेमध्ये मातीचा पातळ थर, त्यात 15-20 दिवसांची रोपं, मुळं चटईसारखी गुंफलेली हवीत. चटई उचलताना फाटली की यंत्र मध्येच जागा रिकामी सोडत जातं. चिखलणीनंतर गाळ बसू द्या, नाहीतर रोपं तरंगतात.

खाजण, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारी शेतजमीन, असेल तर खारं सोसणारी जात घ्या. कोरगुट ही इथली जुनी जात आहेच, पण ती उंच वाढून लोळते. कोरगुटातूनच निवडलेली गोवा धान-1 जुन्या गोव्यातल्या आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) संस्थेने काढली आहे. कापणीआधी मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) पाणी नक्की सोडा, नाहीतर कापणीचं यंत्र रुततं.