उन्हाळा संपताना चंद्र बघून लावणी

ताई, पहिल्याच वर्षी सगळं पंचांगावर सोपवू नका. रीत साधी आहे: चंद्र वाढत असताना भेंडी, दोडकी, काकडी पेरायची, घटू लागला की हळद, सुरण, अळू असे कंद लावायचे. यामुळे पीक वाढतं याला शास्त्राचा भक्कम आधार नाही. तरी मी पाळते, कारण महिन्याचे दोन भाग पडले की कामं तुंबत नाहीत. पण पाऊस लवकर आला तर तिथीसाठी थांबायचं नाही.

सुरुवात हळदीने करा. मे महिन्यातला कृष्ण पक्ष धरा. डोळा फुगलेला गड्डा निवडा, बोटाने दाबून बघा. मऊ लागला तर बाजूला काढा. डोळा वर ठेवून ४-५ सेंटिमीटर खोल, फूटभर अंतराने लावा. वाफा उंच हवा. आपली जांभ्याची माती उघडी राहिली तर पहिल्या मोठ्या सरींतच वाहून जाते, म्हणून काजू-फणसाचा पातेरा, म्हणजे वाळलेला पाला, जाड अंथरा. नागपंचमीला हळदीच्या पानांत वाफवायच्या पातोळ्यांसाठी पानं घरचीच मिळतील!

काकडीचा हिशेब मात्र गणेश चतुर्थीपासून मागे करा. पेरल्यापासून फळाला ५०-६० दिवस लागतात. माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीला, घरची काकडी हवी तर आषाढाच्या शुक्ल पक्षाच्या सुरुवातीला बी टाका, म्हणजे बरोबर दोन चांद्रमास मिळतात. तेव्हा पाऊस धो धो असतो, बी कुजतं. पडवीत करवंटीला भोक पाडून त्यात रोप करा आणि दोन खरी पानं आली की मांडवाखाली हलवा.