आधी त्याचे कान तपासा

"मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याच्याच वयाची भाची वाचायला लागली, याला अजून अक्षरं जुळवता येत नाहीत. मी म्हणते आयक्यू टेस्ट करून घेऊ, नवरा म्हणतो काही गरज नाही. कोणाचं बरोबर?"

ताई, टेस्टबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत. मी अडकले ते शेवटच्या ओळीत: "लक्षच नसतं, चारदा हाक मारावी लागते, टीव्हीला नाक लावून बसतो, त्यावरून ओरडाही खातो." आणि सर्दी सारखी असते, हे तर तुम्ही कंसात टाकून मोकळ्या झालात.

त्याचे कान कधी तपासलेत?

सारखी सर्दी होणाऱ्या लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पुष्कळदा पाणी साठतं. बहुधा दुखत नाही, कान वाहत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. मूल बहिरं होत नाही. कानात बोळे घातल्यासारखं ऐकतं. समोरून बोललात तर उत्तर देतं, पाठीमागून हाक मारलीत तर ढिम्म. त्यातही एक दिवस बरं ऐकू येतं, दुसऱ्या दिवशी नाही, म्हणून मोठ्यांना वाटतं, मुद्दाम करतोय. ताट, पाट, खाट हे शब्द ज्याला सारखेच ऐकू येत असतील, तो अक्षरं कशी जुळवणार?

अशा मुलाला टेस्टला बसवणार? अनोळखी माणूस, तोंडी सूचना. प्रश्नच अर्धा ऐकू आला तर आकडा खालीच येणार, आणि तो तुमच्या मनातून जाणार नाही. इतक्या लहान वयातला आकडा तसाही पुढे बराच बदलतो. बिने आणि सिमाँ या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी १९०५ साली पॅरिसमध्ये ही चाचणी पहिल्यांदा तयार केली, ती शाळेत कोणत्या मुलांना जास्तीची मदत हवी हे कळावं म्हणून. भावंडांत डावं-उजवं ठरवायचा तो काटा नव्हता.

नवऱ्याचं बरोबर की तुमचं, हे मी सांगणार नाही. कान दोघांच्याही ध्यानात आले नाहीत.

टेस्टची वेळ घेतली असेल तर रद्द करा आणि याच आठवड्यात त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. घरी टाळ्या वाजवून "येतंय की ऐकू" म्हणू नका. ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते बघणारी तपासणी) आणि टिंपॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का ते बघणारी) करायला सांगा, दोन्हींत सुई नाही. पाणी साठलंय असं कळलं तरी घाबरू नका, बहुतेकदा ते तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं. नाही ओसरलं तर डॉक्टर पुढचं बघतील. कान चांगले निघाले तर मला पुन्हा लिहा.

तोवर लांबून हाका नकोत. जवळ जा, खाली बसा, त्याचं तोंड तुमच्याकडे वळलं की मग बोला. आणि ओरडणं आजपासून बंद.